शर्यतीआधीची विश्रांती

शिट्टीबाईंच्या गळ्यातली शिट्टी सुटून बरीच वर्षं झाली होती, पण नाव काही सुटलं नाही. अर्धं आयुष्य त्यांनी विद्यापीठाच्या मैदानावर मुलींना पळवण्यात घालवलं. दव वाळायच्या आत त्या मैदानावर हजर असायच्या. पहिली शिट्टी वाजली की वसतिगृहातल्या मुली पांघरुणात तोंड खुपसून म्हणायच्या, "उठली बया." तोंड फटकळ, मनात काही नाही. जी मुलगी त्यांच्या शिव्या खाऊन रडायची, तीच पुढे नोकरी लागली की सगळ्यांत आधी त्यांना सांगायला यायची.

मग गुडघा गेला. तोही मैदानावर नाही. घरी स्टुलावर चढून पडदा लावताना त्या पडल्या.

"आयुष्यभर पळालीस आणि पडलीस ती उभ्या उभ्या," नवरा म्हणाला. तो बसच्या डेपोत मेकॅनिक होता आणि त्याचे सगळे विनोद असेच तेलकट हातांनी केलेले असायचे.

पाय सरळ झाला, पळणं मात्र संपलं. मैदान एका तरुण सरांकडे गेलं आणि बाईंची रवानगी झाली विद्यार्थी साहाय्य कक्षात. कक्ष म्हणजे जिन्याखालची खोली. एक टेबल, दोन लोखंडी खाटा, मधे हिरवा पडदा, पाणी उकळायची किटली. खिडकीतून सायकलींची चाकं दिसायची आणि भिंतीपलीकडून झेरॉक्सच्या यंत्राची घरघर दिवसभर यायची. "पळणाऱ्यांना पळवून झालं," नवरा म्हणाला, "आता झोपणाऱ्यांना झोपव."

डोळ्यांनी अधू असलेली मुलं तिथे यायची, कमी ऐकू येणारी यायची, चाकाच्या खुर्चीवरची एक मुलगी यायची. त्यांचं काय अडतं ते दिसायचं, आणि दिसलं की बाई ते मार्गी लावायच्या. लिफ्टची किल्ली शिपायाकडून काढून घेणं असो की वर्ग वरून खाली आणणं असो, तोंड चालवलं की काम व्हायचं. अडचण आली ती ज्यांचं काहीच दिसत नव्हतं त्यांची. धडधाकट दिसणारी मुलं यायची आणि खाटेवर आडवी व्हायची. कागदावर लिहिलेलं असायचं, क्रॉनिक फटीग सिंड्रोम.

"थकवा हा काय आजार झाला?" बाई सुरुवातीला म्हणायच्या. "मला रोज संध्याकाळी होतो."

त्यांचं हे बोलणं बंद केलं काजव्याने. रसायनशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका मुलीला वर्गातल्यांनी ठेवलेलं हे नाव. दिसली की छान दिसायची, मग विझायची, आणि पुन्हा कधी दिसेल याचा भरवसा नसायचा. वडील शिंपी, गाव बसने अर्ध्या दिवसावर. आदल्या वर्षी तिला साधाच ताप आला होता. ताप गेला, पण जाताना तिच्यातलं काहीतरी घेऊन गेला. रक्ताचे सगळे अहवाल चांगले यायचे. आई फोनवर म्हणायची, "रात्री मोबाईल बघत बसत असशील." वडील काहीच म्हणायचे नाहीत, आणि तिला तेच जास्त लागायचं.

एकदा प्रयोगशाळेतून ती हसत आली आणि खाटेवर बसून बाईंशी गप्पा मारून गेली. बाईंना वाटलं, गाडी रुळावर आली. दोन दिवसांनी वसतिगृहातून निरोप आला म्हणून त्या बघायला गेल्या, तर खिडकीला चादर लावलेली, डोळ्यांवर ओला रुमाल, आणि मुलीला चमचा उचलवत नव्हता.

"काल काय केलंस गं?" बाईंनी विचारलं.

"काल काही नाही. हे परवाचं आहे."

बाई परत येताना त्यावर विचार करत आल्या. आपण दमतो ते आजच्या कामाने, आणि रात्री झोपलो की सकाळी फिटतं. ही मुलं दमतात ती परवाच्या कामाने, आणि झोपेने त्यांचं काही फिटत नाही. जोर लावला तर वाढतं. जन्मभर ज्या एका गोष्टीवर त्यांचा विश्वास होता, की जोर लावला की माणूस पुढे जातो, ती इथे उलटी चालत होती. बाईंना हे पचायला जड गेलं. पण समोर दिसलेलं नाकारायचा त्यांचा स्वभाव नव्हता.

त्या कामाला लागल्या. काजव्याच्या मैत्रिणींकडून तासांचं रेकॉर्डिंग करून घेतलं. दोन तासांच्या मधे खाट तिच्यासाठी राखून ठेवली आणि झेरॉक्सवाल्याला बजावलं, "ती झोपली असेल तेव्हा यंत्र बंद." "बाई, माझं पोट त्यावर आहे," तो म्हणाला. "पोट दुपारी भर," बाई म्हणाल्या. प्रयोगशाळेत बसायला स्टूल मागितलं, तर विभागप्रमुखांनी लगेच दिलं. माणूस वाईट नव्हता.

खरी अडचण परीक्षेची होती. शेवटच्या वर्षाची प्रात्यक्षिक परीक्षा दिवसभर चालायची. सकाळी एक प्रयोग, दुपारी दुसरा, दोन्हींना सारखे गुण. पुढच्याच आठवड्यात लेखी पेपर सुरू. काजव्याने सबंध दिवस काढला असता, तर लेखी पेपरांच्या वेळी ती अंथरुणातच असती आणि वर्ष गेलं असतं. म्हणून बाईंनी अर्ज केला की दोन प्रयोगांमधे काही दिवस जाऊ द्या. एक आधी घ्या, एक लेखी पेपर संपल्यावर.

अशा अर्जांवर निर्णय द्यायला एक समिती होती. परीक्षा विभागाचे प्रमुख, विद्यापीठाचे डॉक्टर आणि त्या त्या विषयाचे विभागप्रमुख. नियम एकच, विद्यार्थ्याने समक्ष यायचं.

तारीख कळली आणि शिट्टीबाईंच्या अंगात पुन्हा मैदान संचारलं. मोठ्या शर्यतीआधी त्या आपल्या मुलींना आठवडाभर पळू द्यायच्या नाहीत. नुसती झोप, वेळेवर जेवण, हलकं चालणं. ताकद साठू द्यायची आणि त्या दिवशी रेषेवर उभी करायची. तेच त्यांनी इथे केलं. काजव्याचे तास बंद, वाचन बंद, फोन बंद. जेवण खोलीत. कपडे मैत्रिणींनी धुवायचे. त्या दिवशी सकाळी केस धुवायलासुद्धा बाईंनी मनाई केली. "हात वर धरून उभं राहायला किती लागतं ते तुला माहीत आहे ना? राहू दे." वडिलांनी नवा शिवलेला कुडता बसने पाठवला होता, तो तिने घातला.

समितीच्या दालनाबाहेर बाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि त्यांना बरं वाटलं. गालांवर रंग होता, डोळे स्वच्छ होते. पोरगी तयार आहे, त्यांच्या मनात आलं.

ती आत गेली आणि सगळं फार छान झालं. परीक्षा विभागाच्या प्रमुखांनी विचारलं, काय होतं, तर तिने नीट शब्दांत सांगितलं. डॉक्टरांनी नाडी पाहिली, अहवाल चाळले. विभागप्रमुखांनी सहज विषयातलं काही विचारलं, त्यावर ती रंगून बोलली, एक गंमतही सांगितली, आणि तिघेही हसले. चहा आला. तिने दोन्ही हातांनी कप उचलला आणि प्याली.

"हिची तब्येत तर तुमच्या-माझ्याहून बरी दिसते," परीक्षा विभागाचे प्रमुख बाईंना म्हणाले. थट्टेने नाही, आनंदानेच म्हणाले.

निर्णय त्याच दिवशी आला. परीक्षा विभागून देण्याची गरज दिसत नाही. तरीही विद्यार्थिनीची मागणी लक्षात घेऊन अर्धा तास जास्त देण्यात येत आहे.

बाई कागद हातात घेऊन जिन्याखाली बसून राहिल्या. अर्धा तास जास्त म्हणजे अर्धा तास जास्तीची दमणूक. तहानलेल्याला खारं पाणी. पण त्यांना सलत होतं ते वेगळंच. दुसऱ्या कुणी घात केला असता तर त्या भांडल्या असत्या. इथे त्यांनीच आठवडाभर खपून, काळजी घेऊन, मुलीला इतकी बरी करून नेली होती की कुणालाही ती आजारी वाटू नये. आपल्या पायावर धोंडा पाडून घेणारे लोक असतात. बाईंनी तो नेम धरून पोरीच्या पायावर पाडला होता.

तिसऱ्या दिवशी काजवा विझला. समितीसमोरच्या त्या थोड्या वेळाची किंमत वसूल होत होती.

बाई डॉक्टरांकडे गेल्या. लपवाछपवी त्यांना जमत नसे.

"डॉक्टरसाहेब, तुम्ही जी मुलगी पाहिली ती खरी नव्हती. मी तयार करून आणली होती."

"तयार करून म्हणजे?"

बाईंनी सगळं सांगितलं. डॉक्टर ऐकत राहिले, चष्मा काढून पुसला.

"बाई, तुम्ही तिला दमवून आणायला हवं होतं की काय?"

"जशी असते तशी आणायला हवी होती."

"आता समिती पुन्हा बसायची तर कारण लागतं. मी स्वतः पाहिलं तर सांगू शकेन. आज संध्याकाळी तिच्या खोलीवर येतो. मी आणि सोबत विभागप्रमुख. दोन तोंडं असली की बरं पडतं."

बाईंना वाटलं, देवच पावला. त्या तडक वसतिगृहावर गेल्या. खोलीत अंधार होता. काजव्याच्या डोळ्यांवर रुमाल होता आणि केस दोरीसारखे उशीवर पडले होते. बाई खाली बसल्या, गुडघा वाकवायला वेळ लागला. हळू आवाजात सगळं सांगितलं.

"नको," काजवा म्हणाली.

"अगं, डॉक्टर आहेत ते."

"सरांना नको. मला असं कुणी बघायला नको."

"मी बघतेच आहे ना?"

"तुमचं वेगळं."

"वर्ष जाईल, पोरी."

काजव्याने कूस बदलली. बाईंना वाटलं, झोपली.

"समितीत सर हसले ना बाई," ती म्हणाली, "मी गंमत सांगितली तेव्हा. वर्गात मी तशीच आहे. मला तशीच राहू द्या."

मैदानावर बाईंनी असला नकार कधी ऐकून घेतला नव्हता. हात धरून उठवायच्या, दोन शब्द सुनवायच्या आणि मुलगी पळायची. इथे हात धरून काय करणार? मनात एकदा आलं, झोपेत असताना डॉक्टरांना दारातून दाखवलं तर तिला कळणारही नाही. मग त्यांना स्वतःचीच लाज वाटली. त्यांनी डॉक्टरांना निरोप पाठवला की येऊ नका.

रात्री जेवणं झाल्यावर बाई देवापुढे बसल्या, पण मागायचं काय ते ठरेना. बळ दे म्हणावं, तर बळ आलं की पोरगी ते खर्चून टाकणार आणि पुन्हा पडणार. शेवटी नुसतेच हात जोडले. मागितलं काही नाही.

"आज देवाला सुट्टी दिलीस वाटतं," नवरा म्हणाला. "लवकर उठलीस."

"त्याला सांगण्यासारखं काही नव्हतं."

"मग ऐकायचं तरी होतंस."

बाईंनी देवापुढचा दिवा सारखा केला. तो भांडी विसळायला गेला.

पुढच्या आठवड्यात काजवा उठून बसायला लागली. बाई चहाची किटली घेऊन तिच्या खोलीवर गेल्या, तर तिने सगळा विचार करून ठेवला होता.

"मी एकच प्रयोग करणार. सकाळचा. पूर्ण गुण मिळाले तर पास होण्यापुरते होतात. दुपारी निघून येईन. मग पेपरांपर्यंत झोपेन."

"आणि नाही मिळाले पूर्ण?"

"मिळतील. हात चांगला आहे माझा."

"पहिला वर्ग जाईल. तुला पुढे शिकायचं आहे ना?"

"हो. पहिला वर्ग नसला की इथे घेत नाहीत. माहीत आहे मला." तिने कप बाईंपुढे धरला. "अजून थोडा द्या. आणि बाई, त्या दिवशी मला काही पढवू नका. तयारबियार काही करू नका."

"नाही करत," बाई म्हणाल्या.

परीक्षेच्या दिवशी प्रयोगशाळेबाहेरच्या बाकावर बाई बसून होत्या. दाराच्या काचेतून आतलं दिसत होतं. काजवा स्टुलावर बसून काचेच्या उभ्या नळीतून एकेक थेंब खालच्या पात्रात सोडत होती आणि रंग बदलायची वाट बघत होती. आजूबाजूच्या मुलांची धांदल चालली होती, कुणाचं तरी भांडं फुटलं. तिचा हात संथ होता. रंग बदलला, तिने लिहिलं, पुन्हा केलं, पुन्हा लिहिलं. विभागप्रमुख मागे उभे राहून बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर कौतुक दिसत होतं. असं काम त्यांना रोज बघायला मिळत नसावं.

दुपारची सुट्टी झाली. मुलं डबे घेऊन बाहेर पडली. विभागप्रमुख तिच्यापाशी थांबले. दार उघडं होतं, बाईंना ऐकू येत होतं.

"छान झालंय. अगदी छान. आता दुसरा कर. तो तर सोपा आहे. वर तुला अर्धा तास आहेच. असा हात चालत असताना सोडून जाऊ नकोस गं. वर्गात पहिली येशील."

काजव्याने पेन बाजूला ठेवलं. उठून दारापर्यंत आली. गाल लालसर झाले होते, डोळे चमकत होते.

"बाई, मला बरं वाटतंय," ती म्हणाली. "खरंच बरं वाटतंय. होईल असं वाटतंय. करू?"

शिट्टीबाईंनी तिच्याकडे पाहिलं. पळणारी मुलगी पुढे जाऊ शकेल की कोसळेल, हे तिच्या चेहऱ्यावरून ओळखायचं, यावर त्यांनी भाकरी मिळवली होती. श्वास पाहिला, ओठ पाहिले, खांदे पाहिले. कुठेही थकवा नव्हता. जन्मभराचं शिक्षण सांगत होतं, हिला सोड, ही पळेल.

"मलाही तसंच दिसतंय," बाई म्हणाल्या. "त्या समितीच्या दिवशीही मला असंच दिसलं होतं."

एवढंच बोलल्या. कर म्हटलं नाही, करू नको म्हटलं नाही.

काजवा दाराच्या चौकटीला हात लावून उभी राहिली. आत विभागप्रमुख घड्याळाकडे न बघण्याचा प्रयत्न करत होते. मग ती परत आत गेली. नळी रिकामी केली, पाण्याने धुतली, उलटी लावून ठेवली. टेबल पुसलं. उत्तरपत्रिका सरांच्या हातात दिली.

"अगं, पण का?" सर म्हणाले.

"एवढंच परवडतं, सर."

शेजारच्या रिकाम्या वर्गात बाईंनी चटई टाकून ठेवली होती. काजवा तिच्यावर आडवी झाली आणि भिंतीकडे तोंड केलं. ती रडत होती की नाही हे बाईंनी पाहिलं नाही. दारात उलटी खुर्ची टाकून त्या बसल्या, कुणी आत येऊ नये म्हणून.

एक प्रयोगसुद्धा तिला महागात पडायचा तो पडलाच. तिसऱ्या दिवसापासून खिडकीला पुन्हा चादर लागली. पण लेखी पेपर सुरू व्हायच्या आदल्या दिवशी ती भिंत धरून उठली. सगळे पेपर दिले. शेवटच्या पेपराला मधेच बाकावर डोकं टेकून बराच वेळ पडून राहिली, पर्यवेक्षकाने हटकलं, तर म्हणाली, "विचार करतेय." निकालात ती पास होती, दुसऱ्या वर्गात. विभागातल्या फळ्यावर पहिल्या आलेल्यांची नावं लागली त्यात ती नव्हती. वडील न्यायला आले तेव्हा त्यांनी मुलीचं सामान उचललं आणि बाईंना एवढंच म्हणाले, "पास झाली म्हणे." मग थोडं थांबून, "बसमधे आडवं व्हायला मागचं लांब बाक मिळेल का, ते आधीच विचारून ठेवलंय मी." बाईंनी मान हलवली. शिंप्याला कळलं होतं.

विभागप्रमुख एकदा जिन्यात भेटले. "पहिला वर्ग तिच्या हातात होता हो," ते म्हणाले. "दुपारपर्यंत माझ्या डोळ्यांनी पाहिलं मी."

"मीही पाहिलं," बाई म्हणाल्या. त्यांना पुढे समजावता आलं असतं, पण सरांना तास होता, आणि गुडघा दुखत होता.

त्यानंतर समितीपुढे जायची वेळ आली ती इतिहास शिकणाऱ्या एका उंच मुलीवर. आजार तोच, आणि दोन पेपरांमधे तिला मोकळे दिवस हवे होते. बाईंनी तिला खाटेवर बसवून सगळं खरं सांगितलं. "विश्रांती घेऊन गेलीस तर बरी दिसशील आणि काही मिळणार नाही. दोन दिवस सगळ्यांसारखे तास करून, तशीच गेलीस तर त्यांना दिसेल. पण मग पुढे बरेच दिवस पडून राहशील. आणि ते तिघे तुला तशी बघतील. माझ्या आधीच्या एका मुलीला ते नको होतं. तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. तू सांग."

मुलीने एक रात्र मागितली. सकाळी येऊन म्हणाली, "बघू देत."

ती दोन दिवस तास करत राहिली, आणि बाई तिला तास करू देत राहिल्या. खाट रिकामी होती आणि त्यांनी तिला एकदाही पड म्हटलं नाही. उभ्या जन्मात इतकं कठीण काम त्यांनी केलं नव्हतं. समितीच्या दालनात मुलगी भिंतीला धरून शिरली. पहिल्या प्रश्नाचं उत्तर देता देता तिला वाक्य सापडेना. तिने क्षमा मागितली आणि टेबलावर डोकं ठेवलं. चहा आला होता, कुणी कपाला हात लावला नाही. परीक्षा विभागाचे प्रमुख खिडकीबाहेर बघायला लागले. डॉक्टरांनी पेनाचं टोपण लावलं.

"बाई," ते हळूच म्हणाले, "घेऊन जा तिला. पुरे."

परवानगी मिळाली. बाईंनी मुलीला दोन्ही हातांनी उठवलं, तिचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं, आणि दुखऱ्या पायाने एकेक पायरी उतरत तिला खाली घेऊन गेल्या.